शब्दांच्या वाट्याला काय?

पडदा पडला की प्रेक्षक घरी जातो. चित्रपटाची कमाई मात्र तेथे थांबत नाही. तोच चित्रपट पुढे दूरदर्शन संचावर येतो, कॅसेट आणि डीव्हीडीवर विकला जातो आणि अखेर इंटरनेटवरून घरोघरी पोहोचतो. या प्रत्येक वळणावर पैसा मिळतो. त्यातील किती वाटा ज्याच्या लेखणीतून कथा उतरली त्याच्या पदरी पडतो, या प्रश्नावर अमेरिकेतील पटकथालेखक सहा दशके झगडत आले आहेत.

तेथील व्यवस्थाच अशी की, स्टुडिओसाठी लिहिलेल्या पटकथेचा स्वामित्वहक्क सहसा लेखकाकडे राहत नाही, तो स्टुडिओचा होतो. त्याच्या मोबदल्यात पुनर्वापराचे मानधन, म्हणजेच ‘रेसिड्युअल’, मिळते. ती बक्षिसी नव्हे. लेखकाला आज काम मिळते, पुढचे कदाचित वर्षभराने मिळते. मधल्या काळात घरभाडे आणि मुलांचे शिक्षण या मानधनावरच चालते. १९६० साली दीर्घ संप करून लेखकांनी दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांचे मानधन आणि निवृत्तिवेतन व आरोग्यनिधीची तरतूद मिळविली, ती याचसाठी.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि लेखक फसले. कॅसेट बनविण्याचा खर्च मोठा, बाजार नवा, असे निर्मात्यांचे म्हणणे. म्हणून उत्पन्नातील ८० टक्के रक्कम बाजूला काढून उरलेल्या २० टक्क्यांवर दीड ते १.८ टक्के मानधन ठरले. म्हणजे शंभर डॉलरच्या उत्पन्नात लेखकाला ३० ते ३६ सेंट! १९८५ चा संप अंतर्गत फुटीमुळे दोन आठवड्यांत कोसळला आणि हे सूत्र लेखकांच्या माथी बसले. कॅसेटचा खर्च उतरला, पुढे अत्यंत स्वस्तात बनणारी डीव्हीडी आली. सूत्र मात्र जागचे हलले नाही. अपवाद म्हणून स्वीकारलेली तडजोड हाच नियम होऊन बसला.

दुधाने पोळलेले लेखक २००७ साली ताक फुंकून पिऊ लागले, यात नवल ते काय? २००५ पासून मालिकांचे भाग इंटरनेटवर विकले जात होते, २००७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने घरबसल्या चित्रपट दाखविण्यास आरंभ केला होता. निर्माते म्हणत होते, माध्यम अजून बाल्यावस्थेत आहे, आधी त्याचा अभ्यास होऊ द्या. जाहिरातींसह संपूर्ण भाग दाखवून त्याला ‘प्रसिद्धी’ म्हणायचे आणि मानधन नाकारायचे, असाही प्रकार चालला होता. ५ नोव्हेंबर २००७ रोजी रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकेचे सुमारे १२ हजार लेखक संपावर गेले. अभिनेत्यांनी साथ दिल्याने जानेवारी २००८ मधील गोल्डन ग्लोबचा सोहळा एका वार्ताहर परिषदेवर उरकावा लागला. या संपाची झळ प्रकाशयोजक, सुतार आणि वेशभूषाकार अशा हातावर पोट असलेल्यांनाही बसली, हे विसरून चालणार नाही.

शंभर दिवसांनी, १२ फेब्रुवारी २००८ रोजी संप मिटला. डीव्हीडीवरील मानधन वाढविण्याची मागणी लेखकांना सोडावी लागली. डाउनलोडचा दर मालिकेच्या भागासाठी एक लाख प्रतींनंतर ०.७ टक्के झाला. रक्कम किरकोळ होती; परंतु नवे माध्यम कराराच्या कक्षेत आले, हे यश मोठे होते.

निर्मात्यांची एक बाजू आहेच. भांडवल त्यांचे, बुडाले तर तोटाही त्यांचाच. परंतु टक्केवारीतील वाटा उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो. उत्पन्न शून्य तर वाटाही शून्य. मग त्याला विरोध का?

पुढे गुंता निराळाच झाला. नव्या मंचांनी प्रेक्षकसंख्याच गुलदस्त्यात ठेवली. मालिका लाखोंनी पाहिली काय किंवा हजारोंनी पाहिली काय, लेखकाला ठरावीक रक्कम! २ मे २०२३ पासून १४८ दिवस चाललेल्या संपाने त्याला छेद दिला. मंचाच्या देशांतर्गत वर्गणीदारांपैकी २० टक्के किंवा अधिक इतकी प्रेक्षकसंख्या पहिल्या ९० दिवसांत गाठली, तर जादा मानधन आणि संघटनेला, गोपनीयतेच्या अटीवर का होईना, आकडे पाहण्याचा हक्क, हे त्याचे फलित. ज्याची मोजदाद नाही, त्यात वाटा मागणार कसा?

मुंबईच्या चित्रसृष्टीलाही हा प्रश्न परका नाही. २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्ती कायद्याने चित्रपटातील साहित्य व संगीताच्या कर्त्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात समान वाटा दिला आणि तो करारात लिहून घेऊनही हिरावता येणार नाही, अशी तरतूद केली. तत्त्व अमेरिकेहून सरस आहे. परंतु कायदा कागदावर राहतो, हिशेब खातेवहीत. त्या दोहोंची गाठ संघटित लेखकांनाच घालून घ्यावी लागते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, म्हणतात. माध्यम जन्माला येते, त्याच वेळी त्यातील श्रमाचा वाटा ठरला पाहिजे. नंतर ठरवू म्हणणाऱ्यांना १९८५ ची ती शंभरातली ३० सेंटची नोंद दाखवावी.