यादी मोडली, दुकाने कायम

विद्यापीठ अनुदान आयोगाने 'यूजीसी-केअर' ही संशोधन पत्रिकांची यादी अखेर मोडीत काढली. निर्णय झाला होता ३ ऑक्टोबर २०२४च्या बैठकीत, तो जाहीर व्हायला मात्र फेब्रुवारी २०२५ उजाडला. यापुढे कोणती पत्रिका खरी आणि कोणती पैसे घेऊन काहीही छापणारी, हे विद्यापीठांनी आणि प्राध्यापकांनी आपापले ठरवायचे आहे. आयोगाने मदतीला निकषांचा मसुदा दिला, तोही केवळ सुचवण्यापुरता. यादीच्या कारभारात दिरंगाई होती, भारतीय भाषांतील चांगल्या पत्रिका बाहेर राहत होत्या, सगळा अधिकार दिल्लीत एकवटला होता, ही कारणे खोटी नाहीत. पण ज्या दुखण्यावर ही यादी आली ते दुखणे आयोगानेच ओढवून घेतले होते आणि यादी काढून टाकताना आयोगाने त्याला हातही लावलेला नाही. ते दुखणे आहे कागद मोजण्याचे. प्राध्यापकाने काय लिहिले हे कोणी वाचत नाही, किती लिहिले हे सगळे मोजतात. जोवर हे मोजणे चालू आहे तोवर यादी असली काय आणि नसली काय, खोट्या संशोधनाचा बाजार भरतच राहणार.

या बाजाराची सुरुवात कुठे झाली हे विद्यापीठांत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने 'एपीआय' म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा गुणांक आणला आणि शोधनिबंधाला गुणांचा भाव आला. २०१८च्या नियमावलीने सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान सात आणि प्राध्यापक व्हायला किमान दहा प्रकाशने हवीत असे लिहून टाकले. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२पर्यंत होती. वैद्यकीय महाविद्यालयांतली बढतीही शोधनिबंधांना बांधलेली. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेला पाण्याची धड सोय नाही, ग्रंथालयात नवी पत्रिका येत नाही आणि आठवड्याचे तास घेऊन शिवाय निवडणुकीची, प्रवेशाची, 'नॅक' या मूल्यांकन संस्थेच्या फायलींची कामे करायची, तिथल्या शिक्षकाकडे आयोगाने संशोधनाची संख्या मागितली. मागणी आली, की पुरवठादार उभे राहतातच.

त्या पुरवठादारांच्या एखाद्या पत्रिकेचा अंक उघडून बघावा. नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी' हे दोन शब्द ठरलेले. अनुक्रमणिकेत पहिला लेख मधुमेहावर, दुसरा शेळ्यांच्या खुराकावर, तिसरा काँक्रीटमध्ये मिसळायच्या राखेवर, चौथा मशीन लर्निंगवर आणि पाचवा संतसाहित्यावर. हे सगळे तपासणारे संपादक मंडळ एकच. लेख पाठवला की दोन दिवसांत स्वीकारपत्र, हजार-दोन हजार भरले की आठवड्यात प्रकाशन, वर प्रमाणपत्र. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पत्रिकेतील लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचा आकडा, स्वतःच ठरवून मुखपृष्ठावर छापलेला. महाविद्यालयांत एक दिवसाच्या 'राष्ट्रीय परिषदा' भरतात, त्यांचा विशेषांक निघतो आणि त्यात शे-दीडशे निबंध दाटीवाटीने बसतात. ते निबंध लिहिणाऱ्याशिवाय कोणी वाचत नाही. पुष्कळदा लिहिणाराही वाचत नसावा, कारण निबंध लिहून देणारेही बाजारात आहेत.

हे सगळे आयोगाला माहीत नव्हते असे म्हणायला जागा नाही. पुण्यातूनच त्याचा पुरावा दिला गेला होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या पत्रिकांमधून त्यांनी १,३३६ पत्रिका निवडल्या. जागतिक सूचींत आधीच असलेल्या वगळून १,००९ उरल्या. त्यांपैकी कसोटीला उतरल्या अवघ्या ११२. बाकीच्यांचे पत्ते नव्हते, संपादकांची नावे नव्हती, नोंदणी क्रमांक चुकीचे होते, इम्पॅक्ट फॅक्टरचे दावे बनावट होते. आयोगाने त्यानंतर ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या आणि त्यातूनच पुढे 'केअर' उभी राहिली. या पत्रिकांची शिफारस कोणी केली होती? विद्यापीठांनी. आणि आज पत्रिका पारखण्याचे काम आयोगाने कोणाकडे सोपवले? त्याच विद्यापीठांकडे. ज्यांच्या शिफारशींतून हा कचरा यादीत शिरला, त्यांच्या हाती पुन्हा चाव्या देण्यात आल्या आहेत.

हा प्राध्यापकांच्या बढतीपुरता अंतर्गत मामला आहे, असे मानणाऱ्यांनी वैद्यकशास्त्राकडे पाहावे. योआखिम बोल्ट हे जर्मनीतले नामवंत भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेत आणि अतिदक्षता विभागात रुग्णाच्या शिरेतून देण्याच्या स्टार्चयुक्त द्रावणाचे ते खंदे पुरस्कर्ते. त्यांच्या शोधनिबंधांच्या आधारावर जगभर हे द्रावण वापरले गेले. २०१० नंतर त्यांची लबाडी उघड झाली आणि शंभराहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. २०१३ मध्ये त्यांचे निबंध वगळून उरलेल्या चाचण्यांची एकत्रित आकडेवारी पुन्हा मांडली गेली, तेव्हा दिसले की या द्रावणाने मृत्यूचा आणि मूत्रपिंडाच्या इजेचा धोका वाढतो. म्हणजे खोटा कागद रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचला होता. इंग्लंडमधील भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी 'अॅनेस्थेशिया' या पत्रिकेकडे आलेल्या चाचण्या तपासल्या. ज्या १५३ चाचण्यांची रुग्णनिहाय मूळ आकडेवारी त्यांना पाहायला मिळाली, त्यांतल्या ४४ टक्क्यांत खोटी माहिती सापडली. जिथे मूळ आकडेवारी नव्हती, केवळ निबंध होता, तिथे हेच प्रमाण २ टक्के निघाले. तिथले संशोधक जास्त प्रामाणिक होते म्हणून ते कमी नव्हते. तिथे खोटे पकडायचे साधनच हाती नव्हते. बसून वाचले, मूळ कागद मागवले, तर खोटे दिसते. नुसते मोजले तर काहीच दिसत नाही.

बड्या परदेशी प्रकाशकांचे नाव पाहून निर्धास्त व्हावे, अशीही स्थिती नाही. 'वायली'ने विकत घेतलेल्या 'हिंदावी'ला २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२४मध्ये 'फ्रंटियर्स'च्या एका पत्रिकेत उंदराचे, यंत्राने तयार केलेले, शरीररचनेला धरून नसलेले चित्र निरर्थक लेबलांसह छापून आले. परीक्षक, संपादक, सगळ्यांच्या हाताखालून ते गेले आणि सामान्य वाचकांनी ओरड केल्यावर दोन-तीन दिवसांत निबंध मागे घेतला गेला. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राची गोष्ट त्याहून जुनी. अर्थ नसलेले निबंध आपोआप तयार करणारी 'सायजेन' ही संगणकप्रणाली अमेरिकेतील 'एमआयटी'च्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केली. अशा निबंधांना छाननीविना दार उघडणाऱ्या परिषदांचे पितळ उघडे पाडणे हा त्यांचा हेतू होता. पण लोकांनी त्या प्रणालीचे निबंध गंभीरपणे पाठवले आणि ते छापलेही गेले. २०१४ मध्ये 'स्प्रिंगर' आणि 'आयईईई' यांना असे १२०हून अधिक निबंध काढून टाकावे लागले. आणि हैदराबादच्या 'ओमिक्स' या प्रकाशन कंपनीला अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये संशोधकांची फसवणूक केल्याबद्दल पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ती कंपनी आपल्या देशातून जगभर दुकान चालवत होती, तोवर आपल्याकडच्या कोणत्याही यंत्रणेने तिचा हात धरला नव्हता.

खरे संशोधन कसे असते हे पाहायला मात्र दूर जायला नको. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९६ मध्ये ते पुन्हा तिथे गेले. घरटी निम्म्याहून कमी झाली होती. झाडांवर, झाडांखाली मेलेली गिधाडे पडली होती आणि जी जिवंत होती त्यांच्या माना लुळ्या पडल्या होत्या. त्यांनी ते नोंदवले आणि १९९९ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात छापले. त्या पत्रिकेला इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरंडीत वरचे स्थान नाही. पण त्या नोंदीने जगाला जाग आली. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून कारण सापडले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. मुंबईत डुंगरवाडीवर देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची पारशी समाजाची अंत्यविधीची परंपराच अडचणीत आली. उघड्यावर सडणाऱ्या मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री पोसली गेली, पाणी दूषित झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. वर्षानुवर्षे रानात फिरून घरटी मोजणाऱ्या माणसाचा एक निबंध इतका मोलाचा ठरू शकतो. आपल्या नियमाने त्याची किंमत दहा प्रकाशनांतले एक.

अशा माणसाला आपली व्यवस्था काय देते? देशाने २०२०-२१मध्ये आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च केले. २०२५च्या अर्थसंकल्पात खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी वीस हजार कोटींची घोषणा झाली. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत तीन वर्षांत सहा हजार कोटी खर्चून तेरा हजार पत्रिका सरकारी शिक्षणसंस्थांना वाचायला मिळण्याची तरतूद आहे. ही योजना चांगलीच आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. पण वाचायला सहा हजार कोटींच्या पत्रिका आणि छापायला हजार रुपयांचे दुकान, अशी ही विसंगती आहे. आणि या सगळ्यात भरडला जातो तो विद्यार्थी. तालुक्याच्या गावातून आलेला, घरातला पहिला पदव्युत्तर मुलगा गाईडच्या सांगण्यावरून उसनवारी करून निबंध छापतो. नंतर ती पत्रिका बोगस ठरते तेव्हा ठपका त्याच्या नावावर येतो, गाईडच्या नाही आणि आयोगाच्या तर नाहीच नाही. ज्यांनी चार-पाच वर्षे प्रयोगशाळेत, गोठ्यात किंवा शेतात खरेच घालवली, त्यांनाही मुलाखतीत तोच प्रश्न विचारला जातो: किती निबंध? प्रामाणिक माणसाला रोज हरवणारी ही व्यवस्था आहे आणि तिचा राग यायलाच हवा.

आयोगाला खरोखर जबाबदारी विद्यापीठांकडे द्यायची असेल, तर आधी संख्येची अट काढावी. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या शिक्षकभरतीच्या मसुद्यातून 'एपीआय' गेला, पण किमान प्रकाशनांची अट गेली नाही. त्याऐवजी उमेदवाराने स्वतःचे सर्वोत्तम असे तीनच निबंध द्यावेत, निवड समितीतल्या त्या विषयाच्या जाणकारांनी ते वाचावेत आणि त्यांवर उमेदवाराशी बोलावे. मूळ आकडेवारी, प्रयोगवह्या, रुग्णांच्या नोंदी मागवाव्यात. निबंध मागे घ्यावा लागला तर त्याचा तपास विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी करावा आणि निष्कर्ष जाहीर करावा. शिकवणे हे ज्यांचे खरे काम आहे, त्या महाविद्यालयीन शिक्षकांची बढती त्यांच्या शिकवण्यावर व्हावी. प्रत्येकाला संशोधक करण्याच्या हट्टापायी आपण चांगले शिक्षकही गमावले आणि संशोधनही नासवले. महाराष्ट्रातील कृषी, पशुवैद्यक, आरोग्य आणि तंत्रशास्त्र विद्यापीठांना हे करायला दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहायचे कारण नाही. आपल्या निवड समित्यांनी निबंध वाचायचे ठरवले तर त्यांना कोणी अडवणार नाही.

आयोगाने नव्या निकषांवर २५ फेब्रुवारी २०२५पर्यंत सूचना मागवल्या होत्या. ती मुदत सरली, मुद्दा सरलेला नाही. प्राध्यापक संघटना वेतन आणि पेन्शनसाठी ज्या ताकदीने उभ्या राहतात, त्याच ताकदीने त्यांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी आयोगाला लिहावे आणि संख्येची अट रद्द करण्याची मागणी पहिल्याच ओळीत करावी.