खवट

‘खवट’ हा आपल्या स्वयंपाकघरातला मोठा बोलका शब्द. दिवाळीच्या तोंडावर फळीवरचे डबे खाली येतात, जुन्या खोबऱ्याची वाटी नाकाशी धरली जाते आणि घरची गृहिणी एका शब्दात तिचा निकाल लावते. मराठीने हा शब्द पुढे माणसांच्या स्वभावालाही लावला, पण त्या नाजूक विषयात आज शिरायला नको. खोबरे तेच असते. फक्त त्यातल्या स्निग्धांशाला हवा लागलेली असते. रसायनशास्त्रज्ञ यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. आता मराठीच्या मास्तराने रसायनात का डोकवावे, असे कोणी विचारील. त्याला कारण घडले. ते पुढे येईलच.

कोलेस्टेरॉल हे नाव हल्ली घरोघरी झाले आहे, पण ते बारशापासूनच परके. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पित्ताशयातील खड्यांत सापडणाऱ्या या पदार्थाला ग्रीक भाषेतून ‘घन पित्त’ अशा अर्थाचे नाव दिले. खरे तर हा पदार्थ आपल्या घरचाच आहे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो, पित्तरस त्यापासून होतो, कित्येक हार्मोन्सही त्यातूनच घडतात. आहारातून येतो त्याहून कितीतरी जास्त शरीर स्वतःच तयार करते. म्हणून जन्मात अंड्याला न शिवलेल्या माणसाचाही आकडा वाढलेला निघतो आणि तो बिचारा डॉक्टरकडे संशयाने पाहू लागतो. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. तेव्हा रक्तातून जाताना त्याला पुडीत बांधून न्यावे लागते. तपासणीच्या कागदावर ‘एलडीएल’ म्हणून जे लिहिलेले असते, ती यांतलीच एक पुडी.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव या संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर धरलेले दाखवले. गुन्हेगार सापडला, असे पुष्कळांना वाटले. परंतु १९७६ साली अमेरिकेत इमाई, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधीच गोष्ट पाहिली. प्रयोगासाठी बाटल्यांत ठेवलेले कोलेस्टेरॉल जुने झाले, की त्याला हवा लागते. या बिघडलेल्या अंशाने सशांच्या रोहिण्यांना इजा केली. शुद्ध करून घेतलेल्या कोलेस्टेरॉलने तेवढी केली नाही. म्हणजे दोष कोलेस्टेरॉलचा, की त्याच्या खवटपणाचा?

हा खवटपणा केवळ बाटलीत येतो असे नाही. रोहिणीच्या भिंतीतही येतो. पेशीला कोलेस्टेरॉल घेण्यासाठी एक दार असते. पोट भरले की पेशी ही दारे कमी करते. पंगतीतल्या सभ्य पाहुण्याने पानावर हात आडवा धरावा तसे. डल्लासच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ही दारे शोधली आणि त्याबद्दल त्यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण झाडलोट करणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी आहेत त्यांना आणखी एक दार असते, आणि त्याला अडसर म्हणून नाही. रोहिणीच्या अस्तरात अडकून ऑक्सिडीकरण झालेल्या पुड्या या दाराने आत जातात, जातच राहतात. पेशी फुगून फेसासारखी दिसू लागते. अशा फेसाळ पेशींचा ढीग साचला, की पुढे कधीतरी छातीत कळ येते. या थरांत ‘७-कीटो-कोलेस्टेरॉल’ यासारखी ऑक्सिडीकृत रूपे सापडतात. हृदयरोग्यांच्या रक्तातही ती निरोगी माणसांपेक्षा अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

मात्र ऑक्सिडीकरण म्हणजे सरसकट विष, असेही नव्हे. पेशी आपल्याकडचे जादा कोलेस्टेरॉल बाहेर घालवण्यासाठी स्वतःहून त्याचे ‘२७-हायड्रॉक्सी-कोलेस्टेरॉल’ करतात, आणि यकृत त्याचे पित्त करून वाटेला लावते. गोष्टीतला खलनायक इथे निरोप्याचेही काम करतो. शास्त्रज्ञांना हे गुंतागुंतीचे पात्र आवडते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना परवडत नाही.

असाच एक मथळा आमच्या इमारतीतील अण्णांच्या वाचनात आला. अण्णा निवृत्त हेडमास्तर, वर्षापूर्वी हृदयात स्टेंट बसलेला. एका संध्याकाळी जिन्यातच मला थांबवून म्हणाले, “प्राध्यापक, कोलेस्टेरॉल निर्दोष आहे बरं का! दोष सगळा हवेचा!” काकू मागे उभ्या होत्या. अण्णा वर गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, “यांनी दीड महिन्यापासून गोळी बंद केली आहे. ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात. तुम्ही तरी सांगा.” मी काय सांगणार? पण वाचायला मात्र बसलो.

आणि वाचले ते असे. ई-जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखते, तेव्हा ते हृदयालाही तारील, ही आशा मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती. साडेनऊ हजारांहून अधिक लोकांवर सुमारे साडेचार वर्षे तिची परीक्षा झाली. २००० साली निकाल आला: काही उपयोग नाही. उलट, अण्णांनी बंद केलेल्या गोळीच्या जातीतलेच एक औषध १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवर तपासले गेले होते. साखरेची गोळी घेणाऱ्या निम्म्यांत २५६ मृत्यू झाले, औषध घेणाऱ्या निम्म्यांत १८२. फळीवर मालच कमी ठेवला तर खवट होणार तरी किती? मी हेच अण्णांना याच शब्दांत सांगितले. त्यांनी वाद घातला, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी काकूंबरोबर आपल्या डॉक्टरांकडे गेले. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. ई-जीवनसत्त्वाची बाटली अजून खिडकीत आहे. तीवर माझे काही चालत नाही.

उरले तूप. १९८७ साली मार्क जेकबसन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की लंडनला व वेस्ट इंडीजला गेलेल्या भारतीयांत हृदयविकार फार, त्याचे एक कारण तुपातले बिघडलेले कोलेस्टेरॉल असू शकेल. त्यांनी तपासलेल्या तुपातील एकूण स्टेरॉलांपैकी १२.३ टक्के ऑक्सिडीकृत होते. ताज्या लोण्यात ते नव्हते. पुढे १९९७ साली राजस्थानातील खेड्यांतल्या पुरुषांची पाहणी झाली, तीत जास्त तूप खाणाऱ्यांत हृदयविकार उलट कमी दिसला. पण ते शेतावर राबणारे लोक. खुर्चीत बसून अनारसे खाणाऱ्या आम्हां लोकांना त्यांची साक्ष काढता येणार नाही. दोन्हींचा मेळ घालायचा तर एवढे म्हणता येते, की बेताच्या आचेवर कढवलेले, थोडेसे आणि ताजे तूप निराळे. तळणीत पुन्हा पुन्हा तापून काळवंडलेले निराळे.

तेलात कोलेस्टेरॉल नसते, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ते खरेच आहे. पण वारंवार तापवले की तेही बिघडते. १ जुलै २०१८ पासून यासाठी सरकारी नियमही आहे: तळणाच्या तेलातील बिघडलेल्या अंशांनी २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, की ते तेल वापरायचे नाही. घरी हे मोजायचे यंत्र नसते, नाक असते. चकल्यांचे उरलेले तेल शंकरपाळ्यांना, त्यातून उरलेले चिवड्याच्या पोह्यांना, आणि मग ते गाळून बरणीत, ही आपली जुनी काटकसर. तेल घट्ट झाले असेल, धुरकट वास येत असेल, तर ती बरणी यंदा भरू नये. पावशेर तेलाचे पैसे जातील, त्याला इलाज नाही.