जुन्या लाकडाची पत

जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे, सुटे भाग व कच्चा माल लाकडी पॅलेटांवर येतो. माल उतरला की रिकामी पॅलेटे कुंपणाशी रचली जातात आणि पुढे भंगाराच्या भावाने जातात. त्यांच्या फळ्यांतून दुकानासाठी किंवा कोठीघरासाठी मांडणी करून घेण्याचा विचार व्यापारी मनाला सहज पटतो, आणि तो योग्यही आहे. मात्र कर्ज देण्यापूर्वी बँक अर्जदाराचा पूर्वेतिहास पाहते, तसा या लाकडाचाही पाहिला पाहिजे. ज्या घराचा व्यवहार डाळ, धान्य, मसाला यांवर चालतो, त्या घराची पत मालाच्या शुद्धतेवर उभी असते.

पहिली तपासणी शिक्क्याची. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये, यासाठी २००२ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची रोमन अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे पॅलेट घरात किंवा खाद्यपदार्थांजवळ आणू नये. देशांतर्गत वाहतुकीच्या पॅलेटवर शिक्का नसतो. तो दोष नव्हे, पण पुरावाही नव्हे.

दुसरी तपासणी डागांची व वासाची. शिक्का लाकडावरील प्रक्रिया सांगतो. त्यावरून कोणता माल वाहून नेला, हे सांगत नाही. खानदेश हा कापसाचा मुलूख. येथे कीटकनाशके व खते यांचीही मोठी वाहतूक होते. तेलकट डाग किंवा उग्र वास असलेली फळी कितीही मजबूत दिसली तरी नाकारावी. वरून रंग दिल्याने आत मुरलेले रसायन नाहीसे होत नाही. असे लाकूड चुलीतही घालू नये.

तिसरी तपासणी जीवजंतूंची. वस्तू हाताळण्यापूर्वी पडिलेहण करण्याचा संस्कार येथे अक्षरशः उपयोगी पडतो. बारीक छिद्रांखाली ताजा भुसा दिसला, तर आत भुंगा आहे असे समजावे आणि ते पॅलेट आहे तेथेच राहू द्यावे.

आता जोडणी. पहारीने उचकटल्यास फळ्या खिळ्यांपाशी चिरतात. त्यापेक्षा फळी व आडवा दांडा यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून खिळे कापावेत. भाराबाबत एक गल्लत नेहमी होते. ५० किलोची दहा पोती म्हणजे ५०० किलो. अखंड पॅलेट जमिनीवर टेकलेले असते, म्हणून ते हा भार पेलते. त्याचीच सुटी फळी दोन उभ्या खांबांमध्ये टाकली तर वाकते. म्हणून पोत्यांसाठी पॅलेट न मोडता तसेच खाली अंथरावे, आणि सुट्या फळ्यांची मांडणी डबे, बरण्या व वह्यांसाठी ठेवावी. दर दोन फुटांवर आधार द्यावा, खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि मांडणी कलू नये म्हणून भिंतीला पट्टीने बांधावी. धान्य जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून अंतर राखून ठेवावे, हीच अपेक्षा अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी सर्व स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.

शेवटी हिशेब. पॅलेटची किंमत नगण्य असली तरी सुताराची मजुरी, स्क्रू, घासकाम आणि वाया गेलेल्या फळ्या खर्चातच धरल्या पाहिजेत. बेरीज लोखंडी रॅकच्या किमतीजवळ गेली, तर रॅकच घ्यावा. बेरीज कमी आली आणि लाकूड तिन्ही तपासण्यांत उतरले, तर मांडणी अवश्य करावी. पॅलेट कोठून आणले आणि त्यावर कोणता शिक्का होता, याची नोंद मात्र वहीत ठेवावी. पुढच्या पिढीने त्या मांडणीवर गहू ठेवायचा की रद्दी, हे तिला त्या नोंदीवरूनच ठरवता येईल.