मौन मुलाचे, बहिरेपण शाळेचे

मेळघाटातील कोरकू मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा ते पाण्याला ‘डा’ म्हणत असते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संताळी, मुंडारी तिच्या बहिणी, मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. समोरचे पुस्तक मात्र मराठी, बहुधा गुरुजीही. मूल गप्प बसले की आपण त्याला मंद ठरवतो. मोहफुलांच्या हंगामात ते आईबरोबर रानात गेले की गैरहजेरी मांडतो. जुळवून घेण्याचे सारे ओझे सहा वर्षांच्या लेकराने वाहावे आणि शाळेने तसूभरही हलू नये, हा कोणता न्याय?

संविधानात १९५६ साली आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यास सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो, पण ‘शक्य तेथवर’ अशी पुस्ती जोडून. त्या पुस्तीआड शासन निर्धास्त आहे.

कोरकू मुलाला मराठी यायलाच हवी. बाजार आणि कचेरी मराठीतच बोलतात. परंतु कोरकू जाणणारा शिक्षक आणि रानातले ओळखीचे जग यांचे बोट धरूनच ती वर्गात यावी. मातृभाषेच्या हक्कासाठी झगडून १९६० साली उभ्या राहिलेल्या राज्याने तोच हक्क आपल्यातील सर्वांत दुबळ्यांना नाकारावा, याची खंत प्रथम आपल्याला वाटली पाहिजे.