अब्रूची व्युत्पत्ती

पाश्चात्त्यांची प्रतिष्ठा प्रामाणिकपणावर उभी असते आणि आपली लोकांच्या नजरेवर, असा सिद्धांत मांडणारे विद्वान आम्हांस वारंवार भेटतात. पुरावा ठरलेला : 'ऑनर' आणि 'ऑनेस्टी' एकाच लॅटिन मुळाचे, तर आपली 'अब्रू' म्हणजे फारसीतले 'चेहऱ्याचे पाणी'. व्युत्पत्ती बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र आम्हांस अमान्य आहे. लॅटिन 'होनेस्तुस' म्हणजे मुळात सत्यवक्ता नव्हे, मान देण्याजोगा मनुष्य. म्हणजे तिथेही पुन्हा लोकांची नजरच!

शब्द सोडा, वर्तन पाहा. १८९४ साली फ्रेंच सैन्याने कॅप्टन द्रेफ्यूस यांना हेर ठरवून शिक्षा दिली. खरा हेर दुसराच आहे, हे कर्नल पिकार यांनी १८९६ साली वरिष्ठांना सांगितले. बक्षीस म्हणून त्यांची रवानगी ट्युनिशियाला झाली आणि आँरी नावाच्या अधिकाऱ्याने द्रेफ्यूसविरुद्ध बनावट कागद तयार केला. १८९८ साली बनाव उघडकीस आला, आँरीने कोठडीत आत्महत्या केली. त्यानंतरही शार्ल मोरास यांच्यासारख्या लेखकाने त्याला देशभक्त ठरवले आणि त्याच्या विधवेसाठी हजारोंनी वर्गणी दिली. कशासाठी? सैन्याच्या 'ऑनर'साठी. इथे ऑनेस्टी नेमकी कुठे होती, हे व्युत्पत्तिकारांनी आम्हांस दाखवावे.

आणि 'आपल्याकडे हे असेच' म्हणून मान डोलावणाऱ्यांनी मुंबईचा महाराज अब्रुनुकसानी खटला आठवावा. करसनदास मुळजींनी गुजराती पत्रातून वल्लभ संप्रदायातील महाराजांचे अनाचार उघड केले. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, असे भाटिया पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले. त्याबद्दल त्यांना दंडही झाला. (चेहऱ्याचे पाणी राखण्याची ही आपली परिचित रीत, हे आम्ही नाकारीत नाही.) तरी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे साक्षीदार उभे राहिलेच, आणि १८६२ साली निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. ही माणसेही याच संस्कृतीची होती. त्यांना वगळून 'आपली संस्कृती' मांडायची, हा कुठला न्याय?

शिवाय अब्रूला सत्याच्या वर बसवणारे फौजदारी कलम आपल्याला दिले ते 'ऑनेस्टी'च्या मायदेशानेच. १८६० च्या दंडसंहितेनुसार बदनामीकारक विधान खरे असणे पुरेसे नाही; ते लोकहिताचेही असावे लागते. इंग्लंडने आपल्याकडचा हा गुन्हा २००९ साली कायदा करून रद्द केला. आपण कलमाचा क्रमांक बदलला आणि २०२३ च्या न्याय संहितेत ते जपून ठेवले.