दोन्ही भाषांवर हक्क

आपल्या हमरापूर-पेण भागातल्या कितीतरी मुली घरी आगरी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढे इंग्रजी. एक भाषा धरायची तर दुसरी सोडावी लागते, असं त्यांच्या मनावर बिंबवलं जातं. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा अंक शांता गोखले यांच्या लेखनावर काढला आहे.

१९३९ साली डहाणूत जन्म, शिवाजी पार्कात बालपण, पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण. इंग्रजीवर हुकमत असूनही शांताबाईंनी कादंबरीसाठी मराठी निवडली. ‘रीटा वेलिणकर’मधली रीटा थोरली बहीण, कमावती, घराचा भार वाहणारी, विवाहित साहेबांवर जीव जडलेली. ती मनानं कोसळते, इस्पितळात दाखल होते आणि तिथे स्वतःचं आयुष्य नव्यानं तपासते. लेखिका तिला ना दोष देते, ना तिची कीव करते. ही कादंबरी आणि नंतरची ‘त्या वर्षी’, दोन्ही त्यांनी स्वतःच इंग्रजीत नेल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही इंग्रजीत आणली, मराठी नाटकाचा इतिहास इंग्रजी वाचकांसाठी लिहिला.

आपल्या भाषेत पाय रोवून उभं राहिलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेत बिचकावं लागत नाही, हे या कामातून लख्ख दिसतं. म्हणून पालकांना कळकळीची विनंती: मुलींना इंग्रजी जरूर शिकवा, पण घरची बोली तोडू नका. आणि मुलींनो, आगरीत लिहा, मराठीत लिहा, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात तुमच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.