मेंटेनन्स भरला, घर कोणी पाहिले?

मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात 'मेंटेनन्स' हा शब्द आता पुरता रुळला आहे, आणि रुळता रुळता त्याचा अर्थ निसटला आहे. 'या महिन्याचा मेंटेनन्स भरला का?' असे आपण एकमेकांना विचारतो. 'मेंटेनन्स केला का?' असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जी कृती होती तिचे बिल झाले. दहा तारखेच्या आत रक्कम जमा केली की घराची निगा राखण्याचे आपले कर्तव्य संपले, अशी एक सुखाची समजूत करून घेऊन आपण सोफ्यावर बसतो. डोक्यावरच्या स्लॅबमध्ये काय चालले आहे, हे पाहण्याचे काम मग कोणाचेच उरत नाही.

त्या बिलाकडे एकदा निरखून पाहावे. पहारेकऱ्याचा पगार, लिफ्टचा करार, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वाहनतळ अशा रकमा वरच्या बाजूला असतात. तळाशी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड या दोन किरकोळ रकमा असतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार यांतली पहिली बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि दुसरी किमान ०.२५ टक्के. हा बांधकाम खर्च म्हणजे इमारत उभी राहिली त्या वेळचा खर्च. १९८५ साली ज्या सदनिकेच्या बांधकामाला एक लाख रुपये लागले असतील, तिच्याकडून किमान दराने दुरुस्तीसाठी वर्षाला साडेसातशे रुपये जमतात. शहरातल्या गवंड्याची एका दिवसाची मजुरीही त्यातून निघणे कठीण. दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. कोणीतरी सभेत उठून तसे सुचवून पाहावे! दारापुढे ग्रॅनाइट बसवण्यासाठी हात वर करणारी मंडळी त्या क्षणी चष्मा पुसू लागतात.

परंतु पैशाची तक्रार दुय्यम आहे. आमचे मुख्य म्हणणे असे की, घराकडे पाहण्याची सवयच आपण गमावली आहे, आणि ती गमावल्याचे आपल्याला दुःखही नाही.

पूर्वी ही सवय ऋतूच लावत. कोकणात मृग लागण्याआधी घर शाकारले जाई. नळ्याची कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा रचायची. या खटाटोपात कोणालातरी आढ्यापर्यंत चढावेच लागे. वासा कोठे किडला आहे, रीप कोठे वाकली आहे, वाळवीची माती भिंतीवरून किती हात वर गेली आहे, हे त्या निमित्ताने दरवर्षी डोळ्यांखालून जाई. आत बायकांचे सारवण आणि पोतेरे चाले. हाताने भिंत लिंपणाऱ्या बाईला भिंतीचा ओलावा दाखवून द्यावा लागत नसे. तो तिच्या तळहाताला कळे. शाकारणी, सारवण, लिंपण, गिलावा, दरजा भरणे हे शब्द कोशात गेले ते केवळ साहित्य बदलले म्हणून नव्हे. त्या शब्दांमागची नजर गेली.

यावर कोणी म्हणेल की ही जुन्या घरांची हळहळ झाली. तसे मुळीच नाही. जुन्या सवयींतही न पाहण्याचे प्रकार होते आणि त्यांची किंमत फार मोठी मोजावी लागली. मराठवाड्यातली माळवदाची घरे घ्या. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस झिरपू नये म्हणून या थरावर वेळोवेळी नवी माती टाकली जाई. जुनी मात्र काढली जात नसे. पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, तेव्हा सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडामातीखाली. गळती थांबवण्यासाठी श्रद्धेने टाकलेली माती छातीवर आली. डागडुजी झाली होती, नेमाने झाली होती. आपण घरावर किती ओझे चढवतो आहोत, हा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.

आज शहरातल्या गच्च्यांवर आपण वेगळे काय करतो? गच्ची गळू लागली की जुन्या कोब्यावर नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, ती तडकली की डांबरी पत्रा, तोही उचकटला की साऱ्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून निळ्या पत्र्याची शेड. प्रत्येक कंत्राटदार आधीच्या कंत्राटदाराच्या कामावर आपले काम अंथरून जातो. खाली काय आहे ते उकलून पाहणे त्याला परवडत नाही आणि आपल्याला सुचत नाही. उकलले असते तर अनेकदा दिसले असते की गच्चीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी पाने आणि कबुतरांची पिसे साचली आहेत, पाणी तुंबून कठड्याच्या कोपऱ्यातून झिरपते आहे आणि तेथेच पिंपळाचे रोप रुजले आहे. हे रोप उपटायला माळी धजत नाही, सेक्रेटरी त्याला सांगत नाही. कापलेच तर वरून कापतात. मूळ भिंतीत जाड होत राहते. पुढच्या वर्षी त्याला दुप्पट फांद्या येतात. पिंपळाबद्दलचा आदर आम्हालाही आहे, पण त्याची जागा जमिनीत आहे.

सिमेंट काँक्रीटने आपल्याला एक आश्वासन दिले, किंवा दिले असे आपण मानले: या घराला पाहावे लागणार नाही. हे आश्वासन खोटे आहे, आणि ते खोटे का, हे समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. काँक्रीटमधली सळई सुरक्षित राहते ती सिमेंटच्या अल्कधर्मी आवरणामुळे. स्लॅबमध्ये हे आवरण अवघे वीसेक मिलिमीटर जाडीचे, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरून त्याची अल्कधर्मिता हळूहळू संपवतो. समुद्राकाठी खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईचे हे संरक्षण अधिक झपाट्याने मोडते. मग ओल पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन आवरण फुटते. प्रथम सळईच्या रेषेत बारीक भेग, मग तपकिरी ओघळ, मग ठोकले असता पोकळ वाजणारा गिलावा आणि शेवटी जमिनीवर पडलेला पोपडा. या क्रमाला वर्षे लागतात. घर वर्षानुवर्षे सांगत असते, आणि आपण वर्षानुवर्षे रंग देत असतो.

रंगाविषयी आमचा राग विशेष आहे. दिवाळीच्या तोंडावर भेगेत पुट्टी भरून वर दोन हात मारले की पुरावा नष्ट होतो. भेग वाढते आहे की स्थिर आहे, हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भिंत विद्रूप दिसेल. पाहुणे विचारतील. विचारू द्यावे. आता तर रंगाच्याही पुढची पायरी निघाली आहे. फॉल्स सीलिंग नावाच्या पांढऱ्या पडद्याआड छतच गायब होते आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे पाणी दोन-दोन वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

वरच्या मजल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गळती हा आपल्याकडे दुरुस्तीचा विषय नसून अब्रूचा विषय आहे. खालचा म्हणतो, तुमच्या संडासातून पाणी येते. वरचा म्हणतो, आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे. कोरडे असणारच, कारण पाणी खाली गेले आहे! उपविधींनी याची वाटणी स्पष्ट केलेली आहे: पावसाची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने निस्तरायची, सदनिकेतल्या संडास-मोरीची ज्याची त्याने. तरीही पत्रापत्री चालते, आणि दोन विद्वान कुटुंबे एका नहाणीट्रॅपच्या सांध्यावरून बोलेनाशी होतात. याच कुटुंबांनी वास्तुशास्त्राच्या सल्लागाराने सांगितले म्हणून संडासाची दिशा बदललेली असते, आणि त्या फोडाफोडीत मूळचा जलरोधक थर कायमचा मोडलेला असतो. ईशान्येच्या शुद्धीसाठी हजारो रुपये देणारे गृहस्थ प्लंबरशी दोनशे रुपयांवरून हुज्जत घालतात. ज्याच्या हाताला घराचे खरे दुखणे कळते त्याला आपण 'अरे, तू' म्हणून बोलावतो आणि जिन्यात उभा ठेवतो.

यात आमच्या साहित्यव्यवहाराचाही दोष आहे असे आम्ही मानतो. मराठी लेखनात घर उभे राहते आणि घर पडते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त ढासळणारा वाडा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांनी एका वर्गाचा अस्त जसा दाखवला, त्याला तोड नाही. त्या नाटकाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर पडका वाडा हा हळहळीचा तयार साचा झाला त्याबद्दल. वास्तुशांत आणि पडझड यांच्या मधली चाळीस-पन्नास वर्षे कोणी कौले परतली, कोणी मोरीचा चुना पुन्हा भरला, कोणी भुई सारवली, याची गोष्ट आमच्या वाचनात क्वचित येते. हे काम करणारे हात बायकांचे, गवंड्यांचे, सुतारांचे होते. लेखणी बहुधा दुसऱ्यांच्या हाती होती. म्हणून पतनाला आपल्याकडे सौंदर्यशास्त्र मिळाले आणि डागडुजीला किरकोळ खर्चाची वही.

आता या न पाहण्याला एक भारदस्त निमित्तही मिळाले आहे: पुनर्विकास. 'पाडायचीच आहे, मग खर्च कशाला?' या एका वाक्यावर मुंबई-पुण्यातल्या कित्येक इमारती दहा-पंधरा वर्षे टांगलेल्या आहेत. बिल्डर येतो, चटईक्षेत्राचा आकडा सांगतो, दोन गट पडतात, प्रकरण न्यायालयात जाते. तोवर खांबातली सळई कोणाची वाट पाहत थांबत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. उपविधी सांगतात की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तपासणी होते ती नोटीस आल्यावर, किंवा इमारत धोकादायक ठरवून घ्यायची असते तेव्हा. वैद्याकडे जायचे ते मृत्यूचा दाखला घ्यायलाच, असा हा प्रकार.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावमध्ये महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची वसाहत कोसळून ६१ जण दगावले. ती इमारत जेमतेम तीस-बत्तीस वर्षांची होती. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. शेजारच्या सदनिकेत 'इंटिरिअर' चालू असताना कोणती भिंत पाडली जात आहे, हे विचारणे म्हणजे भोचकपणा नव्हे, हे आपण अजून शिकलेलो नाही.

आमच्यावर असा आक्षेप येईल की ही तज्ज्ञांची कामे आहेत, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एकट्या बाईने लाखालाखाची दुरुस्ती वर्गणी कोठून आणायची? दुसरा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर तीस वर्षे नाममात्र निधी गोळा करणाऱ्या संस्थेने द्यावे, त्या बाईने नव्हे. पहिला आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. उपाय तज्ज्ञाने सांगावा. लक्षण रहिवाशानेच पाहायचे असते. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दसऱ्यानंतर, एक सकाळ पुरते. गच्चीवरच्या नळांची तोंडे उघडी आहेत का? जिन्याखालच्या, वाहनतळाच्या आणि न्हाणीघराच्या छताला काठीने ठोकले तर आवाज भरीव येतो का? खिडकीच्या सज्ज्याखाली ओघळ कोठून येतो? एवढे पाहणे कोणालाही जमते. वीजमंडलातल्या गळतीरोधक स्विचवर 'टेस्ट' असे लिहिलेले बटण असते. ते महिन्याला एकदा दाबायचे असते, आणि दाबून वीज गेली नाही तर विजेच्या कामगाराला त्याच दिवशी बोलवायचे असते. हे बटण आपल्या घरात कोठे आहे, हे वाचकांपैकी किती जणांना न उठता सांगता येईल? गॅसच्या रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी बादलीभर पाणी घालवतो, आणि तोच थेंब भिंतीच्या आतल्या सांध्यातून पडत असेल तर ते पाणी कोठे जाते, हे वर सांगितलेच आहे.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि भिंती अजून ओल्या असतात, म्हणजे घर पाहण्याला याहून चांगला मुहूर्त नाही. ही सभा आपण तळमजल्यावर, पंख्याखाली, मागच्या वर्षीचे इतिवृत्त वाचून सुरू करतो, आणि दुरुस्तीचा विषय 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलून चहाला उठतो. यंदा ती गच्चीवर भरवावी, आणि इतिवृत्त वाचण्याआधी सभासदांनी कठड्याच्या कडेने एक फेरी मारावी. खुर्च्या जिन्याने वर न्याव्या लागतील, इतकीच काय ती अडचण; आणि तो जिनाही त्या निमित्ताने पाहून होईल.